कोण योआखिम?

योआखिम,

तुझ्याशी मराठीत बोलायची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं आपण इंग्रजीत बोललो. तुझं इंग्रजी जर्मन वळणाचं, माझं वसईच्या. दोघांनाही ती भाषा भाड्याच्या घरासारखी होती, खिळा ठोकायचा तरी दहादा विचार करावा लागायचा. आता तुला कुठलीच भाषा लागत नाही, तेव्हा मी आपली माझ्या भाषेत बोलते.

तू गेल्यावर पेपरात बरंच छापून आलं. पूर्व जर्मनीतल्या पास्टरचा मुलगा, गारठलेल्या चर्चमध्ये बोटं कापलेले हातमोजे घालून ऑर्गन शिकला, बर्लिनची भिंत पडल्यावर जगभर पियानो वाजवत फिरला, सिडनीला मैफलीसाठी आला आणि व्हायोला वाजवणाऱ्या हेलनच्या प्रेमात पडून इथेच राहिला. पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्सवर अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. सोबत तरुणपणीचा फोटो, डोक्यावर जंगल. माझी एलिना तो बघून म्हणाली, "मम्मा, ही वॉज काइंडा हॉट." तू असतास तर आठवडाभर हे वाक्य भेटेल त्याला ऐकवलं असतंस. वाचला तेवढ्या लेखात चूक कुठेच नव्हती. तरी मी तो अर्धाच वाचला आणि घडी घालून ठेवून दिला.

मला तू भेटलास तो पियानो न वाजवणारा माणूस म्हणून.

स्ट्रोक येऊन गेला होता आणि तुझा उजवा हात झोपलेल्या पाखरासारखा मांडीवर पडलेला. मी सिडनीच्या दक्षिणेला, वॉलाँगाँगच्या हॉस्पिटलात हातांची थेरपिस्ट. लोकांना पुन्हा बटण लावायला, चमचा धरायला, किल्ली फिरवायला शिकवते. तू समोर बसलास आणि मी नेहमीसारखं विचारलं, "काम काय करता?"

"सध्या काही नाही. परवापर्यंत पियानो वाजवत होतो."

मी तुला मळायला तो हिरवा रबरी गोळा दिला.

"काय बनवायचंय?"

"काही नाही. नुसतं मळायचं."

"फ्राउ मर्सी," तू जर्मन पद्धतीने 'बाई' लावून म्हणालास, "काहीच बनवायचं नाही आणि हात चालवायचे, असं मी आयुष्यात केलेलं नाही."

पुढच्या वेळी तू घरून खरीखुरी कणीक मळून आणलीस, प्लास्टिकच्या डब्यात. म्हणालास, मळायचंच आहे तर पाव तरी होईल. झाला तो पाव तू आम्हा सगळ्यांना वाटलास. माझा नवरा नेल्सन स्टीलवर्क्सला मेंटेनन्समध्ये आहे. त्याने एक तुकडा तोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "हा आमच्या भट्टीत टाकला तरी वितळणार नाही." मी तुला ते सांगितलं. तू रागावशील असं वाटलं होतं. तू इतका हसलास की शेजारच्या टेबलवरची पेशंट बाई दचकली. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच हसलो, असं नंतर म्हणालास.

तुझं नाव मी पहिल्याच दिवशी नीट घेतलं म्हणून तुला आश्चर्य वाटलं होतं. इथले लोक तुला 'जो' म्हणायचे आणि तू ते मुकाट सहन करायचास. मी सांगितलं, माझ्या मोठ्या मामाचं नाव जोकीम. वसईत गल्लोगल्ली जोकीम आहेत. "भारतात? माझ्या नावाचे?" तू पुन्हा पुन्हा विचारत होतास. मग दर वेळी आल्या आल्या तुझा पहिला प्रश्न, "मामा कसे आहेत?" मामांना कधी भेटला नाहीस, पण त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तुला माझ्याआधी आठवायची.

मला सवय आहे, पेशंटची बोटं एकेक करून सरळ करताना मी गुणगुणते. माझं मलाही कळत नाही. एकदा तू हात मागे घेतलास.

"ते काय गातेस?"

"काही नाही."

"काही नाही कसं? पुन्हा म्हण."

माझी आई वाडीत मोगरा खुडताना ते गुणगुणायची. शब्द नव्हतेच त्याला. उजाडायच्या आत फुलं टोपलीत पडायला हवीत म्हणून हात चालायचे आणि हातांबरोबर ते चालायचं. मी पुन्हा म्हटलं. तू डोळे मिटलेस आणि एका जागी मान वर केलीस. "तो. तो स्वर. माझ्या पियानोत तो नाही. दोन पट्ट्यांच्या मधे आहे तो." एखाद्याने आपल्या घरातून काही उचलून नेल्यासारखी तक्रार होती तुझ्या आवाजात.

तोवर तू पियानोवर चादर टाकून ठेवली होतीस. कडा आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीतलं तुझं लाकडी घर, मागून रेल्वेलाइन, आणि बैठकीच्या खोलीत पांघरूण घेतलेला तो पियानो. हेलन वारली तेव्हाही तू त्याला असं झाकलं नव्हतंस. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "मी चादर काढली," तू म्हणालास. "डाव्या हाताने तुझ्या आईचा स्वर शोधतोय. सापडत नाहीये." आणि मग जरा थांबून, "पण शोधतोय."

तुझ्या डाव्या हातासाठीच्या रचना तिथून सुरू झाल्या. लोक म्हणतात की त्या तुझं सगळ्यात चांगलं काम. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळलं की तू पुन्हा दाढी करायला लागलास.

आणि त्यातल्या पहिल्याच रचनेवरून आपलं भांडण झालं. गावातल्या छोट्या हॉलमध्ये तू ती वाजवलीस. पहिल्या रांगेत मी, नेल्सन आणि एलिना. आईचा सूर आला, ओळखीचा, आणि मग त्याच्या खालून तुझे ते जड, काळे स्वर वर आले. लोक रुमाल काढून डोळे पुसत होते. मी मात्र तापले. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "आवडलं नाही?"

"माझी आई अशी नव्हती."

"अशी म्हणजे?"

"रडकी. तू तिला रडवलंस. ती फुलं खुडत होती, योआखिम. तिला रडायला वेळ नव्हता."

"मी तुझ्या आईबद्दल लिहिलेलं नाही."

"मग तिचा सूर कशाला घेतलास?"

तुझा चेहरा लाल झाला. सूर कुणाच्या मालकीचा नसतो, तू म्हणालास. मी म्हणाले, तुझ्यासारख्यांना तसं वाटतं. नेल्सन मधे पडून म्हणाला, "नो वरीज, आपण फिश अँड चिप्स खाऊ या." आपण दोघंही त्याच्यावर ओरडलो.

काही आठवडे पाव आला नाही. मग एका रविवारी मी चर्चमधून, मिस्साहून आले तर तू आमच्या दारात उभा, काखेत वाइनची बाटली. "मी पुन्हा ऐकलं," तू म्हणालास. "काही ठिकाणी तुझं बरोबर आहे. बाकीच्या ठिकाणी माझं."

"कुठल्या ठिकाणी?"

"ते सांगणार नाही."

त्याच दिवशी तू मला सांगितलंस की तुमच्याकडे मोठी माणसं एकमेकांना 'झी' म्हणतात, म्हणजे आमचं तुम्ही. आणि फार जवळचं झालं की एक जण दुसऱ्याला रीतसर विचारतो, आजपासून 'डू' म्हणू या का? त्यासाठी ग्लास भरतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे तुला ते विचारायची सोयच नव्हती. "तर आता विचारतो," तू म्हणालास.

"पण आपण तर इंग्रजीत बोलतो."

"मनातल्या मनात म्हण. तुमच्या भाषेत मी कोण आहे?"

"वयानं पाहिलं तर तुम्ही."

"आणि आजपासून?"

"तू."

"टू," तू घोकलंस. मी दुरुस्त केलं. तुझी जीभ काही त-वर बसेना. एलिना सोफ्यावर लोळून हसत होती.

मग तो काळ आला जेव्हा विमानं बंद होती आणि तिकडे आई गेली. मला जाता येणार नव्हतं. भावाने सांगितलं, फोनवर दाखवतो. इथे ती दुपारची वेळ, जानेवारीचं रणरणतं ऊन. नेल्सनने फोन टीव्हीला जोडला. दाराची बेल वाजली, उघडलं तर तू. काळा सूट, काळा टाय, पॉलिश केलेले बूट. कुणी बोलावलं नव्हतं. एका हाताने तो टाय कसा बांधला असशील, मला आजही कळत नाही, आणि हात शिकवणं तर माझाच धंदा. त्या उन्हात स्टेशनपासून चालत आला होतास. घामाने निथळत होतास, पण कोट काढला नाहीस.

आम्ही सोफ्यावर बसलो होतो, पायजम्यात, टी-शर्टात, टीव्ही बघायला बसतात तसे. पडद्यावर आमच्या गावचं चर्च, फादरांचा तुटक तुटक येणारा आवाज, मधेच गोठणारं चित्र. मग भावाने आणि मामांनी शवपेटी उचलली. आणि तू उठून उभा राहिलास. हात सरळ सोडून. मग नेल्सन उठला. मग एलिना. मग मी. तोपर्यंत तो टीव्ही होता, योआखिम. तू उभा राहिलास आणि ती माझ्या आईची अंत्ययात्रा झाली.

याबद्दल मी तुला कधी थँक यू म्हटलं नाही. म्हणणार कशी? ते शब्द पुरलेच नसते.

पुढे केव्हातरी तू ती रचना पुन्हा लिहिलीस. खालचे जड स्वर सगळे काढून टाकलेस. आता एकच ओळ आहे, एकट्या डाव्या हाताची, कामाच्या घाईत असल्यासारखी. मला न सांगताच बदललंस. मीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

एलिना तेव्हा पियानो शिकत होती. तिच्या टीचरने परीक्षेला तुझंच एक पुस्तक लावलं होतं, 'अंकेसाठी छोट्या रचना'. जगभरची पोरं ते वाजवतात. ती आमच्या कीबोर्डवर धडपडत होती आणि तू शेजारी बसून डाव्या हाताने ताल देत होतास. तिने विचारलं, "हूज अँके?"

"एक मुलगी आहे. सात वर्षांची."

"स्टिल?"

मुलं किती सहज विचारतात. पुस्तकावर छापलेलं साल एलिनाच्या जन्माच्या कितीतरी आधीचं होतं. तू तिच्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "हो. माझ्यासाठी अजून तेवढीच."

त्या दुपारी चहा घेताना तू पहिल्यांदा सांगितलंस. अंके तुझी मुलगी, पहिल्या लग्नाची. भिंत पडली, जग उघडलं आणि तू त्या उघड्या दारातून बाहेर पडलास तो पडलासच. आधी मैफली, मग हेलन, मग ऑस्ट्रेलिया. सुरुवातीला तू फोन करायचास. तिची आई म्हणायची, ती झोपलीय. मग तू करेनासा झालास. तिच्यासाठी लिहायला लागलास.

"तीस वर्षं लिहितोय तिला," तू म्हणालास. "त्या पुस्तकानंतरही. चार वादकांसाठीचा तो क्वार्टेट तिचा आहे. स्टीलवर्क्सचा मधला भागही तिचाच."

"तिला वाजवता येतं का?"

"नाही. ती शिकली नाही."

"मग तिला कळणार कसं?"

तू कप बशीत ठेवलास. मी थांबायला हवं होतं कदाचित, पण मला थांबता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणाले, "योआखिम, तिला क्वार्टेट नको असेल. फोन हवा असेल."

"तुला सोपं वाटतं."

"सोपं नाहीच. म्हणून तर म्हणतेय."

हा वाद आपण पुढे कितीदा केला. तुझ्या व्हरांड्यात, माझ्या गाडीत, क्लिनिकमध्ये तुझी बोटं माझ्या हातात असताना. तू म्हणायचास, आता फोन करणं म्हणजे तिच्याकडे काहीतरी मागणं. इतक्या वर्षांनी मला मागायचा हक्क नाही. मी म्हणायचे, हक्काचं तू ठरवू नकोस, तिला ठरवू दे. ते सोडून आपण मग तुझ्या पावावर यायचो. पाव एव्हाना बरा व्हायला लागला होता.

यंदा डॉक्टरांनी तुझ्या पोटातला कॅन्सर शोधला तेव्हा तो सगळीकडे पसरलेला होता. तू केमो नको म्हणालास. हॉस्पिसमध्ये तुला खिडकीजवळची खाट मिळाली. मी शिफ्ट संपली की रोज दुपारी येऊन बसायचे. तुझा उजवा हात धरून बोटं सरळ करायचे, सवयीने. तू म्हणायचास, "आता कशाला? हा हात कुठे वाजवणार आहे?" मी म्हणायचे, गप्प बस.

एक दिवस घरी मी एलिनाला विचारलं, ही अंके सापडेल का? तिने फोन काढला, अंगठे चालवले आणि म्हणाली, "फाउंड हर. दॅट वॉज इझी, मम्मा." जनावरांची डॉक्टर आहे, एका छोट्या गावात तिचं क्लिनिक आहे, हा नंबर. इतक्या वर्षांचं अंतर, आणि माझ्या मुलीचा चहा गार व्हायच्या आत संपलं. मी तुला सांगितलं, नंबर माझ्याकडे आहे. लावणार नाही. तू म्हणशील तेव्हाच.

बरेच दिवस तू तो विषय काढला नाहीस. मग एका दुपारी खिडकीबाहेर बघत विचारलंस, "तिकडे किती वाजले असतील?"

"सकाळ आहे. कामाला सुरुवात होत असेल."

"लाव."

मी लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून तुझ्या डाव्या हातात दिला. उशीवर जरा वर सरकलास. केसांवरून हात फिरवलास, जणू ती बघणार होती. रिंग वाजली. मग एका बाईचा आवाज, क्लिनिकचं नाव, मागे कुत्रं भुंकतंय. तू घसा साफ केलास. जर्मन मला येत नाही, पण ते कळण्यासाठी यायची गरज नव्हती.

"अंके? मी योआखिम."

कुत्रंसुद्धा थांबलं.

मग तिने विचारलं, "कोण योआखिम?"

तुझे ओठ हलले, योआखिम. मी बघत होते. शब्द तोंडापर्यंत आलेला मला दिसला. आणि मग तू म्हणालास, माफ करा, चुकीचा नंबर लागला. त्या वाक्यात मला 'झी' ऐकू आलं. तू आपल्या लेकीला 'तुम्ही' म्हणालास. आणि फोन ठेवलास.

मग म्हणालास, "तिचा आवाज माझ्या आईसारखा झालाय."

"पुन्हा लाव."

"उद्या."

"आत्ता लाव. तुझा बाप बोलतोय म्हण. एवढंच. पुढचं तिच्यावर सोड."

"तो शब्द मला उच्चारता येईल का, ते बघायला हवं." तू हसायचा प्रयत्न केलास. "प्रवेश चुकला, मर्सी. वादकाचा प्रवेश चुकला तर काय करतात? पहिल्यापासून सुरू करतात. उद्या करू. आज दमलो."

मी तुझ्याशी भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये म्हणतात, मी भांडले. तू डोळे मिटून पडून राहिलास आणि शेवटी म्हणालास, "उद्या. प्रॉमिस." निघताना तुझ्या कपाळावर क्रूस केला, तेव्हा तू डोळे न उघडता तुझा त्राग्याचा आवाज काढलास. पास्टरच्या मुलाला आमचं हे कॅथलिक काही आवडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तुला जाग नव्हती. औषध वाढवलं होतं. नर्स म्हणाली, बोलत राहा, ऐकू येतं. मी बोलत राहिले. त्याच्या पुढच्या सकाळी फोन आला तेव्हा मी एका बाईचा अंगठा सरळ करत होते. ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि तिचा व्यायाम पुरा केला. ती जाताना म्हणाली, "यू ओके, लव्ह?" मी हो म्हटलं. मग लिनन ठेवायच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले.

अंकेला मीच फोन केला. मी म्हणाले, "तुम्ही मला ओळखत नाही. मी मर्सी, ऑस्ट्रेलियातून बोलतेय." पुढचं सांगायची वेळच आली नाही. तिने इंग्रजीत विचारलं, "तो गेला?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी येते. मी येईपर्यंत काही करू नका."

सिडनीच्या विमानतळावर मला पाटी धरावी लागली नाही. ती दारातून बाहेर आली तेव्हा तुझं कपाळ तिच्या आधी आलं. उंच, केस मागे बांधलेले, हातांवर जुने ओरखडे, मांजरांचे असतील. दक्षिणेकडे येताना तासभर ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. कड्यावरून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा म्हणाली, "इथे नेहमीच इतका उजेड असतो का?" मी म्हणाले, बहुतेक. ती म्हणाली, "मग बरोबर. इथून कोण परत येतंय."

तुझ्या अंत्यविधीला हॉल भरला होता. स्टीलवर्क्सची माणसं, शाळेतल्या कॉयरची गाणारी मुलं, सिडनीहून ट्रेनने आलेले वादक. दाराशी एका गृहस्थांनी अंकेला विचारलं, "आणि आपण?" ती म्हणाली, "मी त्यांची मुलगी." हॉलमध्ये कुजबुज पसरली. मग एकेक जण तिच्याकडे येऊन सांगायला लागला. तुझे वडील माझ्या मुलाला दर शनिवारी शिकवायचे, कधी कंटाळले नाहीत. तुझे वडील माझी बायको आजारी असताना रोज सूप आणायचे. तू ती अंके का? माझ्या मुलीने वाजवलंय तुला! ती सगळ्यांना थँक यू म्हणत होती. मी शेजारी उभी होते, आणि दर थँक यूबरोबर तिचा चेहरा थोडा थोडा मिटत गेलेला मला दिसत होता. प्रत्येक जण तिला प्रेमाने काहीतरी देत होता, आणि जे देत होता ते सगळं तिला न मिळालेलं होतं.

म्हणून तिने जेव्हा मला विचारलं, "तुझ्याशी तो कसा होता?" तेव्हा मी एवढंच म्हणाले, "हट्टी होता." पाव सांगितला नाही. मामांचे गुडघे सांगितले नाहीत. त्या उन्हातला काळा सूट तर नाहीच नाही. ते मी तिच्यासमोर कधी बोलणार नाही. इथे बोलले, कारण इथे तू एकटाच आहेस.

ती आठवडाभर राहिली. तुझे कपडे तिने स्वतः घड्या घालून दान केले. पियानो एलिनाच्या शाळेला दिला. परवा दुपारी घर रिकामं झालं आणि आम्ही दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो होतो. मागून कोळशाची मालगाडी गेली, लांबच लांब. ती संपेपर्यंत अंके थांबली आणि मग म्हणाली, "त्या दिवशी फोन केला तेव्हा तू तिथे होतीस?"

मला वाटलं होतं, तिला माहीतच नाही. रोज शंभर फोन येतात, एक राँग नंबर कोण लक्षात ठेवतं? मी म्हणाले, हो, होते.

"तो काय म्हणाला? ठेवल्यावर?"

"तुझा आवाज त्याच्या आईसारखा झालाय म्हणाला."

तिने मान खाली घातली. बराच वेळ नखाने पायरीचा रंग खरवडत होती.

"तू ओळखलं होतंस?" मी विचारलं.

"त्याने घसा साफ केला ना," ती म्हणाली, "तेव्हाच. लहानपणी तो खोलीत यायच्या आधी तो आवाज यायचा. मी जिन्यावर बसलेली असायचे. तो आवाज आला की पळत सुटायचे."

"मग विचारलंस का, कोण योआखिम?"

"त्याने सांगावं म्हणून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "योआखिम तर सगळ्या जगाला माहीत आहे. पोस्टरवर असतो. मला योआखिम काय करायचा? मला वाटलं, मी विचारलं की तो म्हणेल. एकच शब्द तर होता."

मालगाडीनंतर इतकं शांत होतं की समुद्र ऐकू येत होता.

"मग त्या दिवशी मी कुणाला फोनला हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "क्लिनिकमधल्या पोरी विचारत होत्या, काय झालंय. मी म्हटलं, मी उचलेन, सगळे मीच उचलेन. दुसऱ्या दिवशीही. मांजरं, कुत्री, एक कासव. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो असेल."

"तो उद्या करणार होता," मी म्हणाले. "प्रॉमिस केलं होतं मला."

"उद्या?"

"हो."

"मग केला असता?"

"केला असता, अंके."

ती तेव्हा रडली. मी तिचा हात धरला आणि सवयीने तिची बोटं एकेक करून सरळ केली. तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं. तुझीच बोटं आहेत, लांब, टोकांना किंचित वाकलेली.

काल तिला विमानात बसवून आले. आज सुट्टी काढलीय, आणि हे तुझ्याशी बोलत बसलेय, कारण तुला हे सांगायला दुसरं कुणी नाही आणि मला हे पोटात ठेवून कामावर जाता येत नाही. अरे बाबा, तिने तुला ओळखलं होतं. तू नाव सांगायच्या आधीच ओळखलं होतं. ती फोनपाशीच बसून होती.